पट्टा बदलताना

पट्टा बदलायची रीत त्या श्वासकक्षात ज्योत्स्नानंच पाडली होती. नियमावलीत ती कुठं नव्हती, डॉक्टरांनीही सांगितलेली नव्हती. ज्योत्स्ना वांढरे सिस्टरनं एकदा तसं केलं, आणि मग बाकीच्या सिस्टरही तसंच करू लागल्या.

इरई नदीच्या काठच्या त्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या टोकाला हा कक्ष होता. खाटा मोजक्याच. खाटेवर घशात नळी घातलेला, औषधानं निजवलेला पेशंट, आणि शेजारच्या आरामखुर्चीत त्याच्या घरचं कोणीतरी, बरगड्यांभोवती रुंद कापडी पट्टा बांधून बसलेलं. खुर्चीतल्या माणसानं श्वास घेतला की यंत्र त्याच लयीत खाटेवरच्याला श्वास देई, त्याच्या फुप्फुसाला झेपेल तेवढाच. खुर्चीतल्यानं सोडला की खाटेवरची छाती खाली बसे. नवखं माणूस दारातून आत आलं की हे बघून जागच्या जागी थबके.

जुन्या व्हेंटिलेटरचा श्वास घड्याळासारखा असे. दर वेळी तेवढाच आणि तेवढ्याच अंतरानं. आजारी फुप्फुसातले वायुकोश पाण्यानं भरून ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटून बसतात. एकसारखा श्वास दिला की उघडे कोश ताणले जातात आणि मिटलेले मिटलेलेच राहतात. निरोगी माणूस मात्र दोन श्वास कधी सारखे घेत नाही. एखादा उथळ, एखादा लांब, मध्येच नकळत एक उसासा. आणि त्या उसाशानंच चिकटलेलं काहीतरी सुटतं. हे ध्यानात आल्यावर संशोधकांनी संगणकाकडून अनियमित श्वास करवून घेतले. फरक पडला, पण थोडा. संगणकाची अनियमितता म्हणजे डोळे मिटून उधळलेले तांदूळ. जिवंत माणसाच्या श्वासात मागच्या श्वासाची आठवण असते, चालण्यात असते तशी. शेवटी कोणीतरी खाटेशेजारी बसलेल्या माणसालाच यंत्राशी जोडून पाहिलं, आणि ज्यांच्यावर पाणी सोडलं होतं ती फुप्फुसं उघडायला लागली. यंत्राचं नाव पडलं सहश्वास, आणि खुर्चीतल्याचं श्वासदाता.

दात्याला पथ्यं होती. पट्टा असेपर्यंत बोलायचं नाही, कारण बोलण्यानं श्वासाचे तुकडे पडतात. डोळा लागू द्यायचा नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही. हुंदक्याचा श्वास एकावर एक चढत जातो आणि पेशंटच्या छातीत हवा साचते. म्हणून हुंदका आला की यंत्र दात्याला सोडून देई, संगणकाचा श्वास सुरू करी आणि खुर्चीवरचा लाल दिवा लागे. तो लाल दिवा लोकांना फार लागायचा. आपल्या माणसाच्या उशाशी बसून आपलाच श्वास नापास झाल्यासारखं वाटे. त्यामुळे या कक्षात माणसं रडत नसत. पट्टा सोडून बाहेर जात, बाकावर बसून रडून घेत, तोंड धुऊन परत येत. त्या बाकाला रोशनी सिस्टर ‘माहेर’ म्हणायची.

रोशनी गेडाम ही ज्योत्स्नाच्या बरोबरीची नर्स. तोंडानं फटकळ, हातानं हलकी.

रीत पडली ती गिरजाबाईंमुळे. त्यांचा तरणा मुलगा न्यूमोनियानं गेला. आता काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर म्हातारीनं होकार दिला आणि स्वतःच्या हातानं बरगड्यांवरचा पट्टा सोडला. यंत्र थांबलं. पुढं कितीतरी दिवस ती दवाखान्याच्या आवारात येऊन बसायची आणि प्रत्येक श्वासाला बरगडीवर हात ठेवायची. “म्याच सोडला,” एवढंच म्हणायची.

त्यानंतर ज्योत्स्नानं ठरवलं. शेवट जवळ आला की घरच्या माणसाचा पट्टा आधी उतरवायचा आणि सिस्टरनं बांधायचा. “तुमचा श्वास तुम्ही घरी न्या,” ती हळू आवाजात सांगायची. “शेवटचा माझा.” मग घरची माणसं हात धरून बसत, हवं ते बोलत, आणि डॉक्टरांनी खूण केली की ज्योत्स्ना पट्टा सोडी. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करी, देवापुढं दिवा लावी आणि मगच तोंडात पाणी घेई.

“ताई, यमाच्या आस्थापनेवर तुमची नेमणूक झाली की काय?” रोशनी म्हणायची. “पगार तरी दुप्पट मागा.”

“त्यांच्याकडं रजा मिळत नाही म्हणे,” ज्योत्स्ना म्हणायची.

तिचा श्वास चांगला होता. सगळ्यांना ते माहीत होतं. ज्यांचं कोणी नसे त्यांच्यासाठी ती बसायची आणि त्यांची फुप्फुसं लवकर सुटायची. कारण विचारलं तर ती संकोचून म्हणे, “सकाळी नावं घेते ना, त्याची सवय.” लग्नापासून तिचा आणि दिगंबरचा तो नेम होता. आंघोळ झाली की देवासमोर बसायचं; एक नाव तो घेणार, पुढचं ती. घाई नाही, आवाज चढवायचा नाही. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख त्या दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण हा नेम मात्र एखाद्या लेकरासारखा सांभाळला होता.

दिगंबर वांढरे वनपाल होते. उन्हाळे आता फाल्गुनातच सुरू व्हायचे आणि जंगल दर वर्षी पेटायचं. त्या वर्षी वणवा दोन दिवस आटोक्यात आला नाही. दिगंबर हिरव्या डहाळ्यांनी झोडपत, लोकांना मागं सारत धुरात राहिले. घरी आले ते काळेठिक्कर. चहाचा घोट घेऊन म्हणाले, “राखेसारखा लागून राहिला गं.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे ओठ निळे पडले होते. रस्त्यानं गाडीतला ऑक्सिजन पुरला, पण फुप्फुसं तो घेईनात. दवाखान्यात पोचेपर्यंत बराच वेळ रक्त अर्धपोटीच राहिलं होतं.

त्यांना तिसऱ्या खाटेवर घेतलं. ज्योत्स्नानं रजेचा अर्ज दिला, गणवेश उतरवला आणि साडीवर पट्टा बांधून त्याच कक्षात खुर्चीत बसली.

आयुष्यभर जे ती इतरांच्या माणसांना करत आली ते आता दुसऱ्यांच्या हातून होताना बघायचं होतं. दिगंबरना पालथं घालत तेव्हा पाठीकडची फुप्फुसं मोकळी व्हायची. एकजण डोक्याशी नळी सांभाळी, बाकीच्या दोन्ही बाजूंना चादर धरत, आणि रोशनीच्या इशाऱ्यावर ते अंग एका दमात वळवलं जाई. छातीखाली उशी, कपाळाखाली मऊ कडं, डोळ्यांत मलम, मिटलेल्या पापण्यांवर पट्टी. गाल दाबला जाऊ नये म्हणून मान दर थोड्या वेळानं दुसरीकडं. ज्योत्स्नाचे हात खुर्चीच्या दांड्यांवर शिवशिवायचे. पण उठायचं नव्हतं, काही सांगायचंही नव्हतं. तिनं फक्त श्वास घ्यायचा होता.

तिच्या मोठ्या नणंदबाई मूल गावाहून आल्या. शकुआक्का. दिगंबर लहान असताना आई गेली, तेव्हापासून त्यांनीच त्याला वाढवलेलं. त्यांना दम्याचा त्रास, म्हणून यंत्रानं त्यांचा श्वास घेतला नाही. तेव्हापासून त्या डबा आणत, दारापाशी स्टुलावर बसत आणि ज्योत्स्नाच्या छातीकडं एकटक बघत राहत.

पडद्यावर दोन रंगांचे ठिपके उमटत. नाकातून पोटापर्यंत गेलेल्या बारीक नळीवर एक संवेदक होता. छातीखालच्या श्वासाच्या स्नायूनं जराशी हालचाल केली की तो टिपायचा. यंत्रानं श्वास दिल्यावर मागाहून हालचाल झाली तर पिवळा ठिपका. तो नुसता पडसाद: छाती फुगली म्हणून स्नायू दचकला. श्वास मिळण्याआधी हालचाल झाली तर निळा. म्हणजे माणूस आता आपणहून श्वास मागतोय. या कक्षात निळ्या ठिपक्याची वाट देवाच्या कौलासारखी बघितली जायची.

दिगंबरच्या पडद्यावर सुरुवातीला पिवळाही क्वचितच यायचा. मग रोज यायला लागला. आणि एका दुपारी, ज्योत्स्ना डोळे अर्धवट मिटून मनात नावं घेत बसली होती, तेव्हा निळा आला. ती दचकली. पुन्हा आला. थोड्या वेळानं एकामागून एक येऊ लागले.

शकुआक्का स्टुलावरून उठल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. “तो निळा हाय ना?” त्यांनी रोशनीला विचारलं. “मले चष्म्यातून निळाच दिसून राहिला.”

“निळाच आहे आक्का,” रोशनी म्हणाली. “साहेब उठले.”

डॉक्टर फिरदौस काझी धावत आल्या. त्या कमी बोलायच्या, आणि बोलताना पेशंटकडं बघून बोलायच्या. त्यांनी बराच वेळ पडदा पाहिला. “झोपेचं औषध थोडं कमी करू या,” त्या म्हणाल्या. “वर येऊ द्या त्यांना.”

ज्योत्स्ना दिवसातून एकदा आंघोळीला आणि जेवायला उठायची, तेवढा वेळ यंत्र संगणकाचा श्वास देई. त्या वेळात निळा ठिपका येत नसे. ती परत येऊन बसली की थोड्या वेळात येई. रोशनीला भलतीच गंमत वाटली. “बघा, बायको जागेवर नाही तर हा माणूस श्वाससुद्धा मागत नाही. आमच्याकडं उलटं आहे. मी घरी नसले की यांना मोकळा श्वास येतो.” ओळखीच्या श्वासाला पेशंट जास्त साथ देतो, असं डॉक्टरांच्या वाचनातही होतं. सगळ्यांनाच ते पटलं. ज्योत्स्नाला तर पटलंच.

औषध कमी झालं तसे दिगंबर वर आले. पण ते जिथं आले ती जागा चांगली नव्हती. कपाळावर आठ्या पडल्या. मुठी वळल्या. नळीवर खोकला आला की सगळं अंग ताठ होई आणि नाडी पळत सुटे. घशातला कफ ओढून काढताना मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी यायचं. नळी ओढू नये म्हणून हातांना मऊ मोजे बांधले. डोळे उघडत, पण नजर कशावर ठरत नव्हती. फुप्फुसं तर वाळलेल्या चामड्यासारखी ताठ होत चालली होती. तरी निळा येत होता. निळा येतोय म्हणून सगळे थांबले होते.

मग एका सकाळी ज्योत्स्नाला ते कळलं.

ती नेमाप्रमाणे मनात नावं घेत होती. श्वासाबरोबर एक नाव, मग जरा थांबून दुसरं. मध्येच तिच्या लक्षात आलं की ती घेतेय ती सगळी तिचीच नावं आहेत. पहिलं नाही, दुसरं. मग तिसरं नाही, चौथं. मधली नावं त्यांची. त्यांच्या नावापुरती ती थांबत होती. इतकी वर्षं थांबत आली तशी, नकळत. आणि त्या थांबण्यातच पडद्यावर निळा उमटत होता. तो उमटला की ती पुढचा श्वास घेत होती.

ती शिकलेली नर्स होती. पुढचं तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं मधली जागा न सोडता श्वास घेतला. सगळी नावं एकटीनं, सलग. निळा गेला. प्रत्येक श्वासाच्या शेपटाला पिवळा चिकटून आला. पुन्हा थांबून पाहिलं. निळा. पुन्हा सलग. पिवळा.

दिगंबर काही मागत नव्हते. यंत्रानं छाती फुगवली की त्यांचा मंदावलेला स्नायू उशिरानं दचकत होता. एरवी तो दचका त्याच श्वासाच्या पोटात पडला असता आणि पिवळा दिसला असता. पण ती थांबत होती, म्हणून तो दोन श्वासांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडत होता, आणि यंत्राला वाटत होतं, हा पुढच्या श्वासाचा पुढाकार. तिचाच श्वास त्यांच्या छातीवर आपटून परत येत होता आणि त्यालाच ती त्यांची हाक समजून ओ देत होती. संगणकाला कोणासाठी थांबायचं नसतं, म्हणून त्याच्या पाळीत निळा यायचा नाही.

खुर्चीवर लाल दिवा लागला नाही. तिनं लागू दिला नाही.

तेव्हा तिनं कोणाला काही सांगितलं नाही. एवढंच नाही, तर शकुआक्का आल्या तेव्हा तिनं पुन्हा थांबायला सुरुवात केली. आता जाणून. आक्कांनी पदरातून अंगाऱ्याची पुडी काढली, भावाच्या पायाला बोट लावलं आणि पडद्याकडं बघून हसल्या. पोपडे आलेल्या ओठांचं ते हसू बघून ज्योत्स्नानं पुढचा निळाही काढून दाखवला. दुपारी काझी मॅडम म्हणाल्या की उद्या औषध आणखी कमी करू, मग गळ्याला छिद्र करून नळी तिथून घालू, म्हणजे लांबचा पल्ला गाठता येईल. ज्योत्स्नानं मान हलवली. लांबचा पल्ला म्हणजे ती रोज इथं बसणार, ते रोज इथं असणार. एवढ्यावरही तिची तयारी होती. देवाला तिनं मनात विचारलं, मी खोटं कुठं बोलतेय, मी फक्त थांबतेय. पण देवाशी असला वकिली वाद तिनं आजवर घातला नव्हता, आणि घालताना तिचं तिलाच कसनुसं झालं.

संध्याकाळच्या आत रोशनी कफ ओढायला आली. तेवढ्यापुरतं यंत्र थांबवावं लागे. नळी आत गेली तसे दिगंबर धनुष्यासारखे ताठ झाले. तोंड उघडलं, पण नळीमुळं आवाज नाही. डोळे उघडे, छताला.

“झालं साहेब, झालं. सोडते. बघा, सोडलं,” रोशनी म्हणत राहिली. त्यांचं तोंड ओल्या कापसानं पुसलं, मोज्यातला हात थोपटला. मग ज्योत्स्नाकडं न बघता, यंत्र पुन्हा सुरू करता करता म्हणाली, “ताई, दुसऱ्या कोणाचं माणूस असतं तर मी मॅडमला कधीच बोलले असते. फार त्रास होऊन राहिला यांना. पण तुमचा निळा येतो. म्हणून गप्प आहे.”

ज्योत्स्नानं पट्ट्याची कडी उघडली. संगणकाचा श्वास सुरू झाला. “मॅडम गेल्या का घरी?” तिनं विचारलं. कितीतरी वेळ न बोलल्यानं आवाज घोगरा झाला होता.

“आहेत. काहून?”

“बोलव.”

काझी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही प्रश्न विचारला नाही. ज्योत्स्नानं दुपारचंही सांगितलं, जाणूनबुजून थांबले तेही. मॅडम खिडकीला टेकून उभ्या होत्या.

“मला एकदा वाटलं होतं,” त्या म्हणाल्या, “की हा निळा फारच शिस्तीचा आहे. खरा पुढाकार जरा धडपडत येतो. दुसऱ्या कोणाला पट्टा बांधून बघायला हवं होतं. पण तुम्हाला उठवायचा धीर झाला नाही. तुमच्या जागी दुसरी बाई असती तर उठवलं असतं.”

“रोशनीला बांधा,” ज्योत्स्ना म्हणाली.

“उद्या सकाळी बघू. आज रात्र—”

“आत्ताच बघा. उद्या मी पुन्हा थांबेन.”

रोशनी खुर्चीत बसली. तिचा श्वास आखूड, चपळ. सगळे पडद्याकडं बघत राहिले. पिवळा आला, पुन्हा पिवळा. मॅडमनी तिला थांबून श्वास घ्यायला सांगितलं. लगेच निळा. पुन्हा नेहमीसारखा घ्यायला सांगितलं. पिवळा. मॅडमनी हातानं पुरे अशी खूण केली. मग त्यांनी मेंदूचे जुने फोटो पुन्हा उघडून दाखवले. श्वासाच्या केंद्रापाशी पहिल्याच दिवशी एक सावली होती. निळ्याच्या भरवशावर सगळ्यांनी ती बाजूला ठेवली होती.

झोपेचं औषध वाढवलं. थोड्या वेळानं दिगंबरच्या कपाळावरची आठी गेली. मुठी सुटल्या. रोशनीनं हातमोजे काढले. कितीतरी दिवसांनी ते झोपलेल्या माणसासारखे दिसले.

शकुआक्कांना बाहेरच्या बाकावर सांगावं लागलं. ज्योत्स्नानंच सांगितलं. आक्कांना ठिपक्यांचं गणित कळलं की नाही कोण जाणे, पण शेवट कळला.

“तू सांगितलं नसतं तर कोणाले समजलं असतं?” त्यांनी विचारलं.

“कोणालाच नाही आक्का.”

“मंग?”

“त्यांना समजत होतं. दुखत होतं त्यांना.”

“माह्या भावाले दुखत होतं, अन् तू नर्स हायेस. देऊन टाकायचं काही औषध. पण श्वास काहून काढून घेतला त्याचा?”

“त्यांचा नव्हता तो.”

आक्कांनी तोंड फिरवलं. “लेकरू असतं तर असं केलं नसतं तू,” त्या म्हणाल्या. ते शब्द तोंडातून गेले आणि त्यांनाही ते ऐकू आले. ज्योत्स्ना तिथंच, त्याच बाकावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं आक्कांचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर पडला, जड, कांकणांसकट. तो त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावर सगळे जमले. सगळे म्हणजे आक्का, काझी मॅडम, रोशनी. ज्योत्स्ना आंघोळ करून, नेम करून आली होती. येऊन तिनं खुर्चीतला पट्टा उचलला आणि स्वतःला बांधला.

रोशनी पुढं झाली. “ताई, द्या.”

ज्योत्स्नानं मान हलवली. नाही.

“रीत तुम्हीच पाडली.”

ज्योत्स्ना बोलू शकत नव्हती. तिनं हातानं दाखवलं: दुसऱ्यांसाठी. मग छातीवर हात ठेवला: हे माझं. तिच्या मनात काल रात्रीपासून एकच होतं. परक्याच्या श्वासात यांना पाठवायचं नाही. इतकी वर्षं ती घरच्या लोकांना काय सांगत होती ते तिला आठवत होतं, आणि ते सांगणं किती सोपं होतं तेही आता कळत होतं.

रोशनीनं वाद घातला नाही. ती खुर्चीशेजारी खाली उकिडवी बसली, तिच्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, “ताई, यांना आणलं त्या दिवसापासून तुम्ही यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. पट्टा आहे तोवर बोलता येणार नाही. तुम्ही सोडाल, अन् मग बोलाल. तोवर हे ऐकायला असतील का?”

ज्योत्स्नानं दिगंबरकडं पाहिलं. खरंच होतं. आंघोळीहून यायची ती घाईघाईनं पट्टा बांधायची, कारण बोलण्यापेक्षा श्वास मोठा वाटायचा. एक शब्दही तिनं त्यांना दिला नव्हता. श्वास काय, तो रोशनीचाही चालला असता.

तिनं कडी उघडली. पट्टा अंगाच्या उबेनं गरम होता. रोशनीनं तो घेतला, बांधला, आणि खिडकीकडच्या बाजूला उभी राहिली. आखूड, चपळ श्वास दिगंबरच्या छातीत वरखाली होऊ लागला. तो काही त्यांच्यासारखा दिसत नव्हता. पण ज्योत्स्नासारखाही दिसत नव्हता, आणि त्यामुळं तिला ते आता पहिल्यांदा पुरते दिसले: दाढीचे पांढरे खुंट, कानावरचा भाजल्याचा, बरा होत आलेला डाग.

आक्का पायांशी बसल्या. रोशनीच्या जागी आलेल्या सिस्टरनं ओला कापूस दिला. त्यात घरून आणलेलं तीर्थ होतं. ज्योत्स्नानं ते नळीच्या कडेनं त्यांच्या ओठांना लावलं. मग त्यांचा हात धरला आणि काय बोलावं ते तिला सुचेना. मोठं काही तोंडाशी येईना.

“अहो,” ती म्हणाली, “शेजारच्या बावण्यांनी शिडी आणून दिली.”

आक्कांनी वर पाहिलं.

“तुम्ही वर्षभर ओरडत होतात ना. नेली ती नेली, मागायची लाज आपल्यालाच. परवा आपणहून आणून ठेवली भिंतीला. कोणी मागितली नव्हती. आक्कांनीच सांगितलं मला. हो ना आक्का?”

“हो,” आक्का म्हणाल्या. “सकाळी सकाळी. गेटाबाहेरच उभा होता. आत नाही आला.”

“धुऊन आणली, बघा. तुमच्या शिडीला एवढं पाणी तुम्ही तरी कधी लावलं होतं का? रंगाचे डाग होते, तेही घासून काढलेत.” तिचा आवाज एका जागी अडकला, ती थांबली, पुढं गेली. इथं लाल दिवा लागणार नव्हता. “तुमची एक पायरी हलायची, वरची. मी दर वेळी म्हणायची, पडाल. तुम्ही म्हणायचे, मला माहीत आहे ना हलते ती, मी त्यावर पायच देत नाही.”

काझी मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. ज्योत्स्नानं बोलता बोलताच होकाराची मान हलवली. खिडकीपाशी रोशनी छताकडं बघत उभी होती, जबडा घट्ट आवळून, श्वास सरळ ठेवत. तिचा हात कडीकडं गेला.

“तर ती पायरीसुद्धा त्यांनी बदलली. नवं लाकूड आहे. सागाचं असेल, तुम्ही बघितलं असतंत तर सांगितलं असतंत. आक्का म्हणतात खिळेही पितळेचे आहेत. मी म्हटलं, आता त्यांना चहाला बोलवायला पाहिजे, नाहीतर बरं नाही दिसत. तुम्ही काही टोमणा मारायचा नाही. वर्षभर कुठं होती म्हणून विचारायचं नाही. नुसतं या म्हणायचं, बसा म्हणायचं.”

यंत्राचा आवाज थांबला होता. आक्कांनी पायांवर डोकं टेकवलं.

“साखर कमी घालेन त्यांच्या चहात,” ज्योत्स्ना म्हणाली. “त्यांना साखरेचा त्रास आहे.”